झुंबरभाऊंचा संशय

बोईसर स्टेशनहून नवापूर नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं फॉल-पिको आणि मॅचिंगचं दुकान आहे. शेजारचा गाळा झुंबरभाऊंचा. मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळे माझं मशीन थांबलं की त्यांच्याकडचं सगळं बोलणं मला ऐकू येतं. ते म्हणतात, मी मुद्दाम थांबवते. कधी कधी थांबवते, खोटं कशाला बोलू?

झुंबरभाऊ जुने, खराब झालेले रंगीत फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करून देतात. बुरशी लागलेले, काचेला चिकटलेले, पाण्यात भिजलेले, उंदरांनी कुरतडलेले. मूळचे ते पाथर्डीकडचे. पंचविसाव्या वर्षी इथे आले आणि एका कलर लॅबमध्ये फोटो धुण्याच्या कामाला लागले. डिजिटल आल्यावर लॅब बंद पडली. मग काही वर्षं कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली खोकी बांधली आणि पंचेचाळिशीत, पोराटोरांच्या क्लासला बसून फोटो एडिटिंग शिकले. हाताला अशी सफाई, की गेलेल्या माणसाचा पुसट चेहरा त्यांनी उजळून दिला की घरचे लोक दुकानातच रडायला लागतात. पण स्वभाव म्हणाल, तर हा माणूस आरशातल्या स्वतःकडेही आधी संशयानेच बघत असेल.

चहावाला पाणी घालतो, रिक्षावाला लांबून नेतो, पेपरवाला कालचाच पेपर टाकतो, असं सगळं त्यांना वाटतं. माझ्या लग्नाचा फोटो मी त्यांना दुरुस्तीला दिला, तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “वर्षाताई, हा शेजारी उभा आहे तो नवराच ना?” मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी फोटो मिळाला तेव्हा माझ्या नवऱ्याच्या सदऱ्यावरचा शाईचा डागसुद्धा त्यांनी तसाच ठेवला होता. मी म्हटलं, हा का नाही काढला? तर म्हणाले, तो फोटोवरचा डाग नाही, सदऱ्यावरचा आहे.

या संशयामागे एक कारण होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. धंद्याच्या सुरुवातीला एक माणूस घरच्यांचा एकत्र फोटो घेऊन आला होता. कोपऱ्यातली बाई काढून टाका म्हणाला, शेजारीण आहे, चुकून आली. भाऊंनी ती बाई काढली आणि तिच्या जागी मागची भिंत इतकी बेमालूम भरली, की तिथे कोणी होतं असं वाटेना. दोन महिन्यांनी तीच बाई दुकानात येऊन उभी राहिली. ती त्या माणसाची पहिली बायको होती. ती त्या घरात कधी राहिलीच नाही, हे दाखवायला त्याने तो फोटो साऱ्या नातेवाइकांत फिरवला होता. ती भांडली नाही. “मला काढायला किती वेळ लागला?” एवढंच तिने विचारलं. हे मला भाऊंनीच एकदा सांगितलं.

तेव्हापासून त्यांचे नियम ठरले. फोटोतला प्रत्येक माणूस कोण, ते सांगायचं. काय करून हवं ते वहीत लिहून खाली सही करायची. ‘डाग काढा’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा. ‘अमुक रंग करा’ म्हणणाऱ्यावर ठेवायचा नाही. कितीतरी गिऱ्हाइकं वैतागून निघून गेली. भाऊ म्हणायचे, गेली ती खोटीच असणार.

नलूमावशीला त्यांच्याकडे मीच घेऊन गेले. नलूमावशी सातपाटीची. आठवड्यातून तीन दिवस मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसते, आणि दहा वर्षं मी तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून बोंबील घेतलेले नाहीत. तिच्या लग्नाचा एक फोटो घरात टांगलेला होता, तो काचेला चिकटून खराब झाला होता. मंडपात नवरी झालेली नलू आणि शेजारी खुर्चीत बसलेली तिची आई मैनाबाई. फोटोवर बुरशीचे ठिपके, खाली ओलीची रेघ, आणि सगळ्यांचे चेहरे निळसर हिरवे पडलेले. मैनाबाईच्या अंगावर चांगली ठसठशीत निळी साडी होती.

झुंबरभाऊंनी नेहमीप्रमाणे उलटतपासणी घेतली. सातपाटीला, पालघरला स्टुडिओ नाहीत का? एवढ्या वर्षांनी आत्ताच का? आता नाही केला तर आईचा चेहराच जाईल, असं म्हणून मावशीने काही न लपवता सगळं सांगितलं.

मैनाबाई जन्मभर लुगडं नेसली. नलूच्या लग्नात मुलींनी हट्ट धरला म्हणून एकदाच, एका दिवसापुरती, गोल साडी नेसली. मंडपातच तिने नलूला सांगितलं की ही साडी माझ्यामागे तुझी. मग साडी पेटीत गेली. म्हातारपणी मैनाबाई धाकट्या मुलीकडे, चंद्रकांताकडे घिवलीला राहिली आणि तिथेच गेली. बाराव्याला चंद्रकांताने पेटीतून एक साडी काढून नलूच्या हातात ठेवली. नलूने बघितलं, तर रंग वेगळा. तिच्या घरात फोटो होता, रोज डोळ्यांसमोर. तिने जमलेल्या बायकांदेखत साडी परत फेकली आणि बहिणीला चोर म्हटलं. त्याला चौदा वर्षं झाली. घिवली-सातपाटी रस्त्याने तासाभराची वाट, पण दोघी एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत.

“पैशाची नव्हं ओ साडी,” मावशी म्हणाली. “पन आयनं मला दिलेली एकच वस्तू, ती बी तिनं ठेवून घेतली.”

हे बोलताना तिचे डोळे भरून आले आणि माझेही. भाऊंनी मात्र वही पुढे केली. ‘बुरशी काढणे, रंग उजळणे’ एवढं मी लिहिलं, मावशीने खाली सही केली. ती गेल्यावर मी म्हटलं, आता हिच्यावर तरी संशय घेऊ नका. भाऊ म्हणाले, संशय नाही घेतला, तिने रंग सांगितला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी पलीकडे एका अनोळखी बाईचा आवाज आला आणि मी मशीन थांबवलं. बाई सांगत होती, फोटो पेटीत राहून लाल झालाय, नीट करून द्या, आणि यातली साडी जांभळी आहे, ती जांभळी दिसली पाहिजे. मी काहीतरी कारण काढून तिकडे गेले. पन्नाशीला आलेली, सडपातळ, केसांत अबोलीची वेणी. टेबलावर नलूमावशीचाच फोटो. तोच मंडप, तीच नवरी, तीच खुर्ची. फक्त याच्यावर बुरशी नव्हती, सगळे चेहरे तांबूस झाले होते आणि मैनाबाईची साडी चक्क राणी रंगाची दिसत होती.

भाऊंनी विचारलं, फोटोत तर राणी दिसतेय, तुम्ही जांभळी कुठून म्हणता? तेव्हा तिने पिशवीतून घडी घातलेली एक जांभळी साडी काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाली, ही बघा, हिच्यासारखी करा.

झालं. साडी आणून तिच्यावर फोटो बेतायला सांगणारी बाई! भाऊंचा चेहरा मी ओळखते, तो दगडासारखा झाला. कशाला हवाय असं विचारलं, तर बाई आधी म्हणाली, पोरीचं लग्न आहे, बाकी तुम्हाला काय करायचंय? मग जरा वेळाने, खाली बघत म्हणाली, की मुलगी दिशा, तिचं माघात लग्न आहे, आणि मोठ्या बहिणीला फोटो दाखवायचाय. दाखवला तरच ती येईल. ती आली नाही तर मंडपात सगळ्या बायका पुन्हा तेच बोलतील, आणि आता ते मुलीच्या सासरचेही ऐकतील.

“रंग सांगून माझ्याकडं काम होत न्हाई,” भाऊ म्हणाले. “फोटो ठेवून जा. जो रंग निघंल तो निघंल.”

चंद्रकांता उठली. फोटो ठेवलाच, पण साडीही उचलली नाही. “हीपन ठेवा,” ती म्हणाली. “तपासा सगलं.” आणि फोन नंबर लिहून निघून गेली.

भाऊंनी साडीकडे पुन्हा बघायचंही नाकारलं. डोळ्यांत रंग बसला की हात आपोआप तिकडे जातो, म्हणाले, आणि पिशवी माझ्या दुकानात ठेवायला दिली. मी अर्थातच उघडून बघितली. डांबरगोळ्यांचा वास, घड्या इतक्या जुन्या की रेघा पडलेल्या. खालचा फॉल हाताने, जाड दोऱ्याने लावलेला, जसा तीस वर्षांपूर्वी घरी बायका लावायच्या. कडेला आतून मांडवातल्या मातीची पुसट रेघ. हे सगळं मला दिसलं. वीस वर्षं मी साड्यांच्या कडाच बघतेय. पण मी ठरवून टाकलं होतं की ही बाई चोर आहे, त्यामुळे मला वाटलं, बाईने चोरीसुद्धा किती व्यवस्थित केलीय.

आणि मग मी शहाणपणा केला. दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन नलूमावशीच्या कानात सांगितलं की तुझी बहीण येऊन गेली, फोटो जांभळा करायला सांगत होती. मावशीच्या हातातला कोयता थांबला. “बग,” ती म्हणाली, “आता फोटोपन खोटा करायला निघाली.” त्या दिवशी तिने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. मला उगाच मोठं काम केल्यासारखं वाटलं.

भाऊंना हे कळलं तेव्हा ते माझ्यावर चिडले. दोन्ही बाजूंचं ऐकून घेतल्याशिवाय बोलू नये, असं मला तो माणूस सांगत होता, ज्याने जन्मात कोणाचं ऐकून विश्वास ठेवला नाही. मीही ऐकवलं. दोन दिवस प्लायवूडच्या दोन्ही बाजूंनी शांतता होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवर टकटक केली. स्क्रीनवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी होते. भाऊ म्हणाले, बसा, आणि मधे बोलू नका.

रंगीत फोटोच्या कागदात तीन रंग असतात, त्यांनी सांगितलं: निळसर, किरमिजी आणि पिवळा. या तिघांतून बाकी सगळे रंग होतात. फोटो भिंतीवर उजेडात टांगला की आधी किरमिजी उडतो, आणि चेहरे निळे-हिरवे पडतात. पेटीत, अंधारात, दमटात ठेवला की निळसर उडतो, आणि चेहरे लाल होतात. लॅबमध्ये होते तेव्हा हे त्यांना पाठ होतं. नलूमावशीच्या फोटोत किरमिजी संपलाय. चंद्रकांताच्या फोटोत निळसर संपलाय. पण दोन्ही प्रती एकाच निगेटिव्हवरून काढलेल्या आहेत, केसाला केस जुळतो.

त्यांनी एका फोटोतून एक रंग उचलला, दुसऱ्यातून दुसरा, आणि दोन्ही एकावर एक बसवले. आधी मंडपाच्या तोरणातलं आंब्याचं पान हिरवं झालं. मग मैनाबाईच्या पुढ्यातल्या तांदळाचे दाणे पांढरे झाले. नवरीच्या कपाळावर कुंकू लाल दिसायला लागलं, हळद पिवळी. या गोष्टींचे रंग कोणाला विचारावे लागत नाहीत, भाऊ म्हणाले, म्हणून आधी त्या बघायच्या. त्या बरोबर आल्या की बाकीचं बरोबर. शेवटी त्यांनी मैनाबाईच्या साडीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, “हा रंग कोणता? तुमचा धंदाय, तुम्ही सांगा.”

जांभळी होती. वांगी नाही, मोरपंखी नाही. जांभळं खाल्ल्यावर जिभेला येतो तो रंग. मी माझ्या दुकानातून पिशवी आणली, साडी उलगडली आणि स्क्रीनसमोर धरली. काठाची बुट्टीसुद्धा तीच.

मला धरणीत गडप व्हावंसं वाटलं. माझ्याकडे रोज बायका साडी घरी ठेवून मॅचिंगला येतात. अगदी हाच रंग, डोळे मिटून सांगते, म्हणतात. संध्याकाळी ब्लाऊजपीस परत घेऊन येतात. डोळे मिटून कोणाला रंग सांगता येत नाही, हे मी वीस वर्षं बघतेय, आणि नलूमावशी वेगळी असेल असं मला का वाटलं? तिने ती साडी खरोखर एकच दिवस बघितली, तेही स्वतःच्या लग्नाच्या गडबडीत. नंतर तीस-बत्तीस वर्षं तिने भिंतीवरची निळी साडी बघितली.

 भाऊ म्हणाले, पेटीतला फोटो लाल होतो हे मला बघताक्षणी सुचायला पाहिजे होतं. पण तिने साडी आणली आणि माझं डोकं तिथेच अडकलं. खरं बोलणारा माणूस पुरावा घेऊन येऊ शकतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्यांनी दोन प्रती काढल्या. चंद्रकांताला संध्याकाळी पाचची वेळ दिली. नलूमावशी बाजार उठल्यावर दुपारीच येणार होती. मावशी आली, रिकामी टोपली बाहेर ठेवली, हात पदराला पुसले आणि फोटो घेतला. आधी ती आईच्या चेहऱ्याकडे बघून हसली. मग तिचं हसू गेलं.

भाऊंनी तिला स्क्रीनवर सगळं दाखवलं. तिचा फोटो एकटा: साडी निळी. बहिणीचा फोटो एकटा: साडी राणी. दोन्ही मिळून: जांभळी. तिने पुन्हा दाखवायला सांगितलं. त्यांनी पुन्हा दाखवलं. मी साडी आणून टेबलावर ठेवली. मावशीने तिला हात लावला नाही.

 मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, “भाऊ, माजी निळी करून दे.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. झुंबरभाऊंनी चष्मा काढला.

“तुज्या मशीनवर होतंय ना? करून दे,” ती म्हणाली. “जांबळी घरी नेली तर पोरं विचारतील. चौदा वरसां मी तिला चोर म्हटलं, पोरांना तसंच शिकवलं. सातपाटीत सगल्यांना सांगितलं. आता मी काय सांगू?”

जगात सगळ्यांवर संशय घेणारे भाऊ, त्यांनी आमच्या नलूमावशीवर तेवढा घेतला नव्हता, आणि मीही नाही. मला तिचा राग आला. त्याहून जास्त दया आली. भाऊ किती तुटून पडतील याची मला भीती वाटत होती. पण ते तुटून पडले नाहीत.

“निळी करायला मला दोन मिनिटं बी लागणार न्हाईत,” ते म्हणाले. “म्हणूनच करणार न्हाई. एक बाई मी अशीच पुसली होती. दुसरी पुसायची न्हाई.”

मावशीला ती जुनी गोष्ट ठाऊक नव्हती, पण दुसरी कोण हे तिला बरोबर कळलं. ती स्टुलावर बसून राहिली. बाहेर पाळी सुटलेल्या कामगारांची बस थांबली, माणसं उतरली, बस गेली. भाऊंनी तिला सांगितलं की तिची बहीण पाच वाजता येणार आहे आणि तिच्या हातात जांभळीच पडणार. तोवर घरी जायचं असेल तर जावं, कोणी अडवलेलं नाही.

मावशी उठली, टोपलीपर्यंत गेली आणि परत आली. मला म्हणाली, तिचा नंबर आहे ना तुमच्याकडे, लाव. तिच्याकडे बहिणीचा नंबरच नव्हता. मी माझ्या फोनवरून लावला. माझ्या फोनचा कानाचा आवाज कधीचा गेलाय, सगळं बोलणं स्पीकरवरच करावं लागतं, म्हणून मी तो टेबलावर, साडीशेजारी ठेवला.

पलीकडून “कोण?” असं आलं. मावशी फोनवर वाकली. पुन्हा “कोण?” आलं.

“चंद्रे, मी नलू,” ती म्हणाली. “फोटो झाला. साडी जांबळीच होती गं. तू दिलीस तीच.”

 पलीकडे कुठेतरी भांडी वाजत होती, कोणीतरी दिशाला हाक मारत होतं. मला वाटलं, आता चौदा वर्षांचं सगळं बाहेर येईल, आणि येऊ दे, तिचा हक्कच आहे. मावशीने ऐकून घ्यायला मान खाली घातली होती.

“नाय गं बाय,” चंद्रकांता म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता. “निळीच होती. माजीच चुकी झाली. तू लग्नाला ये.”

मी ऐकलं, झुंबरभाऊंनी ऐकलं. जांभळी साडी आमच्या दोघांसमोर उघडी पडली होती. भाऊ उठून बाहेर गेले आणि मावशीसाठी चहा सांगून आले.